केसरबाई केरकर : मैफल कधी संपवायची हे स्वतः ठरवणारी गायिका

दरवर्षी १३ जुलै येतो आणि जातो. ती केसरबाई केरकर यांची जयंती असते, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. शास्त्रीय संगीत म्हटले की ते आपले नव्हे, असे आपण मनाशी धरून बसलो आहोत. त्याला कारणेही आहेत. ज्या सभागृहांत आपल्या बापजाद्यांना पाऊल टाकता आले नाही, तिथल्या गाण्याबद्दल आपुलकी कुठून यायची? तरीही या बाईंचे आयुष्य आपल्या तरुणांनी समजून घ्यावे असे आम्हाला वाटते. त्या कुठून आल्या हे त्याचे एक कारण. दुसरे आणि आजच्या लेखापुरते मोठे कारण म्हणजे त्या कशा थांबल्या.

गाणाऱ्या माणसाने केव्हा थांबावे हा प्रश्न आपल्याही दारात उभा आहे. भीमगीते गाऊन ज्यांनी चळवळ घराघरांत नेली, ते गायक, शाहीर, ढोलकीवादक आता सत्तरी-ऐंशीत आहेत. काही अजूनही रात्री दोन वाजेपर्यंत मंचावर उभे राहतात. आपण टाळ्या वाजवतो. ते उभे आहेत ते आवडीने की नाइलाजाने, हे मात्र आपण विचारत नाही. केसरबाईंचे आयुष्य पाहिले की हा प्रश्न विचारावाच लागतो.

केसरबाईंचा जन्म १३ जुलै १८९२ रोजी गोव्यातील फोंडा तालुक्यातल्या केरी गावात झाला. गोव्यावर तेव्हा पोर्तुगीजांची सत्ता होती. त्यांचा जन्म कलावंतांच्या समाजातला. देवळाच्या सेवेला बांधलेला, गाण्या-नाचण्यावर जगणारा हा समाज. या घरांतल्या बायकांचे गाणे उच्चवर्णीयांना हवे असे, त्यांची कला देवापुढे चाले, लग्नसमारंभात चाले, धनिकांच्या दिवाणखान्यात चाले. पण त्याच बायकांना लग्नाचा, घराचा आणि मानाचा हक्क नाकारलेला होता. जातीने नेमून दिलेला व्यवसाय आणि त्या व्यवसायावरच मारलेला कलंक, ही गोष्ट आपल्याला वेगळी समजावून सांगायला नको. पुढे या समाजाने शिक्षणाच्या आणि संघटनेच्या बळावर जुन्या रूढी मोडल्या आणि गोमंतक मराठा समाज म्हणून आपली ओळख उभी केली. केसरबाई मात्र त्या बदलाच्या आधीच्या काळात जन्मल्या होत्या. गाणे हे त्यांच्या वाट्याला आलेले काम होते. त्या कामाला त्यांनी प्रतिष्ठा मिळवून दिली, तीही स्वतःच्या अटींवर.

त्यांचे शिक्षण सरळ रेषेत झाले नाही. आठ वर्षांच्या असताना त्या कोल्हापूरला गेल्या आणि अब्दुल करीम खाँ यांच्याकडे सुमारे आठ महिने शिकल्या. मग परत गोवा. तिथे रामकृष्णबुवा वझे येत, तेव्हा त्यांच्याकडे तालीम. सोळाव्या वर्षी आई आणि मामासोबत मुंबई. मुंबईत सतारवादक बरकतुल्ला खाँ यांच्याकडे अधूनमधून शिक्षण, पुढे काही काळ भास्करबुवा बखले. गुरू बदलत होते, कारण कुणी दरबारी नोकरीसाठी गाव सोडत होते, कुणाला वेळ नव्हता. मुलीला पूर्णवेळ शिकवणारा गुरू मिळणे त्या काळी सोपे नव्हते.

अखेर १९२१ मध्ये अल्लादिया खाँ यांनी त्यांना शिष्या म्हणून स्वीकारले. केसरबाई तेव्हा अठ्ठावीस वर्षांच्या होत्या. या वयात बहुतेक गायिका मैफली गाजवत असतात. केसरबाईंनी उलट केले. त्या पुन्हा विद्यार्थिनी झाल्या आणि सुमारे अकरा वर्षे खाँसाहेबांसमोर बसून घासून शिकल्या. १९३० च्या सुमारास त्यांची व्यावसायिक कारकीर्द खऱ्या अर्थाने उभी राहिली. खाँसाहेबांचे निधन १६ मार्च १९४६ रोजी झाले, तोपर्यंत त्यांचे शिकणे चालूच होते. म्हणजे पन्नाशी ओलांडलेली, देशभर नाव झालेली गायिका तोवर कुणाची तरी शिष्या होती.

अल्लादिया खाँ यांचे नाव आपल्याला आणखी एका कारणाने माहीत असायला हवे. ते राजर्षी शाहू महाराजांच्या कोल्हापूर दरबारचे गायक. शाहू महाराजांनी वसतिगृहे काढली, नोकऱ्यांत राखीव जागा ठेवल्या, तसाच कुस्तीला, नाटकाला आणि संगीतालाही आधार दिला. त्या आधाराच्या सावलीत अल्लादिया खाँ यांनी आपली गायकी घडवली, ती पुढे जयपूर-अत्रौली घराणे म्हणून ओळखली गेली. शाहू महाराजांच्या निधनानंतर, १९२२ मध्ये, खाँसाहेब मुंबईला आले.

या गायकीच्या जन्मामागेही शरीराच्या मर्यादेची एक गोष्ट आहे. खाँसाहेब तरुणपणी आमलेटा संस्थानात गात असत. तिथल्या राजाला त्यांचे गाणे इतके आवडले की दिवसामागून दिवस त्यांना गायला लावले गेले. परिणामी त्यांचा आवाज बसला आणि तो पूर्वीसारखा कधीच परतला नाही. दुसरा कुणी असता तर गाणे सोडून बसला असता. खाँसाहेबांनी उरलेल्या आवाजाला झेपेल आणि शोभेल अशी नवी पेचदार गायकी रचली. गळा काय देऊ शकतो आणि काय नाही, हे ओळखूनच त्यांना पुढचा मार्ग सापडला. ऐकणाऱ्याची हौस आणि गाणाऱ्याचा गळा यांत तोटा नेहमी गाणाऱ्याचा होतो, हेही या प्रसंगातून कळते. केसरबाई अशा गुरूकडून शिकल्या, हे लक्षात ठेवू या.

आता त्यांच्या गाण्याविषयी. जयपूर गायकी अवघड समजली जाते. अनवट आणि जोडराग, आवर्तन भरत जाणारी लांब वाक्ये, मध्ये कुठेही सुटू न देता समेवर येणारी पेचदार तान. हे सगळे खुल्या, मोकळ्या आकारात गायचे. केसरबाईंचा आवाज भारदस्त आणि दमसास मोठा, त्यामुळे ही गायकी त्यांच्या गळ्यावर शोभली. पण या गायकीत लपायला जागा नाही. शब्दांचा, भावाचा, हरकतींचा आधार घेऊन थकलेला आवाज थोडा झाकता येतो. खुला आकार लावला की श्वास कमी पडलेला लगेच कळतो. वय वाढले की फुप्फुसांची ताकद घटते, स्वरतंतूंचा लवचीकपणा कमी होतो, स्वर स्थिर राहत नाही, पट्टी उतरवावी लागते. रियाजाने हे लांबवता येते, टाळता येत नाही. शरीर अनित्य आहे हे आपण वाचतो आणि बोलतो. गायकाला ते रोज सकाळी तंबोरा जुळवताना कानांनी ऐकावे लागते.

केसरबाई आपल्या गाण्याच्या किमतीबाबत ठाम होत्या. बिदागी त्या मोठी मागत आणि त्यात घासाघीस चालू देत नसत. समोर कोण बसले आहे, कसे बसले आहे, गाण्याकडे लक्ष आहे की नाही, याकडे त्यांची बारीक नजर असे. अनेकांनी त्यांना गर्विष्ठ म्हटले. आम्हाला त्यात वेगळे काही दिसते. ज्या समाजातल्या बाईला बोलावणे येईल तेव्हा गावे लागे आणि देतील ते घ्यावे लागे, त्या समाजातली एक बाई आता भाव स्वतः ठरवत होती. हा उद्धटपणा वाटला तो ऐकणाऱ्यांच्या जुन्या सवयीमुळे.

मानसन्मान आले. १९४८ मध्ये कोलकात्याच्या संगीतप्रेमींच्या संस्थेने त्यांना सूरश्री ही पदवी दिली. १९५३ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. देशभरच्या परिषदांतून निमंत्रणे येत होती. आणि १९६३-६४ च्या सुमारास, वयाची सत्तरी ओलांडल्यावर, केसरबाईंनी जाहीर मैफली थांबवल्या.

ऐकणारे होते, बोलावणी होती, नाव होते. पण आपले गाणे आपल्याच कसोटीवर उतरणार नाही असा दिवस येण्याआधी त्यांनी मंच सोडला. लोकांनी अजून गा म्हणावे तेव्हा थांबायचे की लोकांनी आता पुरे म्हणावे तोवर थांबायचे नाही, यातली पहिली वाट त्यांनी घेतली. १९६९ मध्ये पद्मभूषण मिळाले आणि त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने त्यांना राज्य गायिका म्हणून गौरवले. त्या गौरवाच्या जोरावर त्या पुन्हा मंचावर परतल्या नाहीत. १६ सप्टेंबर १९७७ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. शेवटची सुमारे तेरा वर्षे श्रोत्यांना त्यांचे जाहीर गाणे मिळाले नाही, पण थकलेल्या केसरबाईही कुणाच्या कानांत राहिल्या नाहीत.

याच्या शेजारी त्याच काळातले दुसरे आयुष्य ठेवून पाहू. बालगंधर्व, म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस, केसरबाईंपेक्षा चार वर्षांनी मोठे. जन्म १८८८. १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी उभी राहिली आणि त्यांच्या स्त्रीभूमिकांनी महाराष्ट्र वेडा झाला. मग बोलपट आले, रंगभूमीवर स्त्रियांच्या भूमिका स्त्रियाच करू लागल्या, मंडळीवर कर्ज होते. बालगंधर्व उतारवयातही त्याच तरुण नायिकांच्या वेषात उभे राहत राहिले. पुढे पायांनी साथ सोडली, तेव्हा बसून भजनांचे कार्यक्रम केले. १९५५ मध्ये अकादमी पुरस्कार, १९६४ मध्ये पद्मभूषण मिळाले. १९६७ मध्ये त्यांचे निधन झाले.

बालगंधर्वांना थांबता आले नाही म्हणून त्यांना कमी लेखण्याचा आमचा हेतू नाही. नाटक मंडळी चालवणाऱ्याच्या पाठीशी नट, वादक, कामगार यांची घरे असतात. कर्ज असते. प्रेक्षकांना वीस वर्षांपूर्वीचेच रूप पुन्हा पाहायचे असते आणि कलावंताला ते नाकारवत नाही. मुद्दा असा की थांबण्याचा निर्णय नुसत्या मनोबलावर घेता येत नाही. त्यासाठी हाताशी काही असावे लागते. केसरबाईंच्या हाताशी ते होते. ते त्यांनी आधीच्या तीस-पस्तीस वर्षांत जमवले होते.

पहिले म्हणजे पैसा. मोठी बिदागी मागणाऱ्या गायिकेला म्हातारपणी कुणाच्या दारात उभे राहावे लागले नाही. ज्या ठामपणाला गर्व म्हटले गेले, त्यानेच त्यांना सन्मानाने थांबण्याचे स्वातंत्र्य दिले. दुसरे म्हणजे पुढची पिढी. केसरबाईंनी आपल्या मुलीला गायिका केले नाही, शिकवून डॉक्टर केले. जन्माने आलेला व्यवसाय त्यांच्या घरात त्यांच्यापाशी थांबला आणि पुढच्या पिढीला निवड मिळाली. शिक्षण एका पिढीत काय करू शकते, हे आपल्या घरांनीही अनुभवले आहे.

तिसरी गोष्ट विद्येची आणि इथे आम्हाला केसरबाईंवर टीकाही करावी लागते. त्यांनी फार थोड्यांना शिकवले. त्यांच्या एकमेव शिष्या म्हणून धोंडूताई कुलकर्णी यांचे नाव घेतले जाते. धोंडूताई कोल्हापूरच्या ब्राह्मण घरातल्या. त्या केसरबाईंच्या उतारवयात त्यांच्याकडे शिकल्या आणि २०१४ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत त्यांनी ती गायकी सांभाळली. ज्या जातीला विद्येची मालक मानले गेले, त्या जातीतली मुलगी एका कलावंतिणीच्या पायाशी बसून शिकली, ही नोंद आपण ठेवलीच पाहिजे. पण एकच शिष्या म्हणजे पुष्कळ काही केसरबाईंबरोबर गेले, हेही तितकेच खरे. त्यांच्या ध्वनिमुद्रिका बऱ्याचशा जुन्या तबकड्यांवरच्या, एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांच्या. तास-दीड तास फुलणारा राग त्यात मावत नाही. मंच सोडताना विद्या वाटून जायला हवी. ती जितकी वाटायला हवी होती तितकी त्यांनी वाटली नाही.

तरीही त्यातलीच एक छोटी ध्वनिमुद्रिका फार लांब गेली. १९७७ मध्ये अमेरिकेने व्हॉयेजर ही दोन अंतराळयाने सोडली. पृथ्वीवरचे आवाज आणि संगीत असलेली सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी त्यांत ठेवली होती. भारतातून त्यासाठी निवडली गेली ती केसरबाईंनी गायलेली साडेतीन मिनिटांची भैरवी. पहिले यान २० ऑगस्टला निघाले, दुसरे ५ सप्टेंबरला. त्यानंतर अकरा दिवसांनी केसरबाई गेल्या. भैरवी हा मैफलीचा समारोप करण्याचा राग मानला जातो. तीच भैरवी आज सूर्याचा प्रभाव जिथे संपतो त्याही पलीकडे गेली आहे. ज्या घरातल्या बायकांना गावच्या मानकऱ्यांनी आपल्या बरोबरीने बसू दिले नाही, त्या घरातला आवाज साऱ्या पृथ्वीच्या वतीने पाठवला गेला.

आता आपल्याकडे वळू. वामनदादा कर्डक यांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ रोजी सिन्नर तालुक्यातील देशवंडी गावचा. मोठेपणी ते लिहायला-वाचायला शिकले आणि मग आयुष्यभर लिहीत-गात गावोगाव फिरले. १५ मे २००४ रोजी त्यांचे निधन झाले. बाबासाहेबांचा विचार वाचता न येणाऱ्या माणसापर्यंत पोहोचवण्यात वामनदादांच्या गाण्यांचा वाटा किती मोठा आहे, हे सांगायची गरज नाही. त्यांच्या पिढीच्या गायकांनी बिदागीचा हिशेब ठेवला नाही. चळवळीचे काम म्हणून गायले. कधी प्रवासखर्च मिळाला, कधी तोही नाही. त्यांचा त्याग आपण भाषणांत सांगतो. त्या त्यागाची म्हातारपणी काय किंमत मोजावी लागते, हे सांगत नाही.

केसरबाई थांबू शकल्या, कारण त्यांनी आपल्या गाण्याची किंमत वसूल केली. आपल्या शाहिरांनी ती घेतली नाही, म्हणून ती आपल्याकडे थकबाकी आहे. प्रत्येक जयंतीला डीजेसाठी वर्गणी जमते. त्याच वस्तीत दम्याने बेजार झालेला जुना गायक हजार-दोन हजारांसाठी मंचावर चढतो, वरच्या पट्टीत आवाज फाटतो आणि मागच्या रांगेतली आपलीच पोरे हसतात. हे चित्र आम्ही पाहिले आहे. त्या हसण्यात गायकाचा अपमान आहेच, आपलाही आहे.

यावर उपाय अवघड नाहीत. राज्य शासनाची ज्येष्ठ साहित्यिक व कलावंतांसाठी मानधन योजना आहे. तिच्यासाठी अर्ज, दाखले आणि कलेच्या कामाचे पुरावे लागतात. जुन्या गायकाकडे जुनी पत्रके, कात्रणे, फोटो पेटीत पडलेले असतात, पण ते कुठे आणि कसे द्यायचे हे त्याला ठाऊक नसते. आपल्यातल्या शिकलेल्या दोन कार्यकर्त्यांनी एक रविवार दिला तर एका गायकाचा अर्ज पूर्ण होतो. जयंती मंडळाने वर्गणीतला एक ठरावीक हिस्सा गावातल्या ज्येष्ठ कलावंतांसाठी बाजूला काढावा आणि तो त्यांना गायला न लावता द्यावा. मोबाइल प्रत्येकाच्या हातात आहे. त्यावर या माणसांच्या चाली, गाण्यांचे मूळ पाठ, त्यामागच्या आठवणी नोंदवाव्यात. दोन-चार मुला-मुलींना त्यांच्यासमोर बसवून ढोलकी आणि गाणे शिकू द्यावे. केसरबाईंकडून जे राहून गेले, ते आपल्याकडून राहू नये.

ज्यांना अजून गायचे आहे त्यांना गाऊ द्या. सत्तरीचा गायक आनंदाने गात असेल तर त्याला खाली उतरवण्याचा अधिकार आपल्याला नाही. त्याला खुर्ची द्या, कार्यक्रम रात्री दोनऐवजी संध्याकाळी सातला ठेवा, खालच्या पट्टीत गायला हार्मोनियमवाल्याला सांगा, शेजारी एक तरुण गळा साथीला बसवा. थांबायचे की नाही आणि केव्हा, हे त्याने ठरवावे. मात्र हा निर्णय त्याला घेता यावा, पोटाने त्याच्या वतीने घेऊ नये, एवढी व्यवस्था करणे आपले काम आहे.

केरी गावातून निघालेली एक मुलगी आयुष्याच्या शेवटी स्वतः म्हणू शकली की आता पुरे. तिला हे म्हणता आले कारण तिने आयुष्यभर आपल्या कामाचा मान राखून घेतला. आपल्या वस्तीतल्या ज्या गायकाने आपल्याला बाबासाहेब ऐकवले, त्यालाही हे म्हणता यावे. येत्या जयंतीच्या नियोजनाच्या बैठकीत डीजेच्या दराआधी हा विषय घ्या, एवढीच आमची विनंती.

जय भीम.